दोघे बोलले

१

झिरीच्या खोऱ्यातली मादी नऊ जानेवारीला नाहीशी झाली आणि नर एकोणीसला. मला मात्र ते कळलं तीस तारखेला, म्हसावदच्या घरी, तुरीच्या शेंगा सोलताना. एकट्यापुरत्या शेंगा सोलायला फार वेळ लागत नाही, म्हणून मी मुद्दाम सावकाश सोलत होतो.

फोन तोरणमाळच्या रेंजर साहेबांचा होता. पोरसवदा माणूस, आवाज मात्र रिटायर झाल्यासारखा.

"पटेल काका, तुमच्या रानपिंगळ्यांची जोडी चोरीला गेली."

'तुमच्या' हा शब्द खरा होता आणि टोचणाराही. मी ललित पटेल. वनखात्यात बत्तीस वर्षं काढली, त्यातली शेवटची अकरा तोरणमाळला वनपाल म्हणून. रानपिंगळा म्हणजे वीतभर घुबड. शंभरावर वर्षं जगानं ते संपलं म्हणून सोडून दिलं होतं, आणि मग ते आमच्याच शहादा तालुक्याच्या रानात पुन्हा दिसलं. इतर घुबडांसारखं हे रात्रीचं नाही. उघड्या उन्हात फांदीवर बसतं, दिवसा शिकार करतं, दिवसा बोलतं. त्याचा हट्ट एकच, ढोली असलेलं जुनं झाड पाहिजे. आणि नेमकी तीच झाडं आपण ठेवत नाही.

झिरीच्या खोऱ्यात अशी एक जोडी होती, म्हणून तिथली तोड थांबवली होती. पुढच्या महिन्यात समिती बसणार होती. जोडी असली तर खोरं कायमचं राखीव, नसली तर साग तोडायला मोकळं.

"संशय कुणावर?" मी विचारलं.

"संशय कसला, ठरल्यातच जमा आहे. सुकराम."

सुकराम पावरा हा खोऱ्याचा राखणदार. रेंजर साहेबांनी सगळं भराभर सांगितलं. मादीचा आवाज नऊ तारखेला थांबला. दहाला सकाळी सुकराम नवनीतच्या जीपमध्ये झाकलेली टोपली मांडीवर घेऊन घाट उतरला. रजा नाही, अर्ज नाही. नर मागाहून त्याच्या साथीदारानं नेला असणार, असा त्यांचा तर्क. आता तो नंदुरबारला एका दवाखान्यात होता, घशाचं ऑपरेशन झालं होतं. विचारलं तर नुसती मान फिरवत होता.

"चार दिवसांनी त्याला घरी सोडतील. तेव्हा गुन्हा दाखल करतो. त्याला तुम्ही नेमलंत, म्हणून आधी तुम्हाला सांगितलं. त्याला बोलतं करा."

मी त्याला नुसतं नेमलं नव्हतं, लिहायलाही शिकवलं होतं. आणि गेल्या चार वर्षांत मी घाट चढलो नव्हतो. साहेबांनी एकदा यावं, असा त्याचा निरोप दोनदा आला होता. मी गुडघ्यांचं कारण सांगितलं. गुडघे खरंच दुखतात, पण तेवढे नाही.

२

दुसऱ्या दिवशी सकाळच्या जीपनं वर गेलो. शिखा खोऱ्यात झाडाखाली उभी होती. शहाद्याच्या बाफनांची ही मुलगी घरचं किराणा दुकान सोडून पक्ष्यांच्या मागे लागली, आणि ती परत गल्ल्यावर बसेल ही आशा घरच्यांनी अजून सोडलेली नाही. पुण्याच्या एका संस्थेसाठी ती या जोडीचा अभ्यास करत होती. झाडाला तिनं एक यंत्र बांधलं होतं. ते रोज सकाळी दोन तास आणि दुपारी दोन तास रानातले आवाज टिपून ठेवायचं. दर दोन महिन्यांनी येऊन ती त्यातलं कार्ड काढून न्यायची. यावेळी कार्ड ऐकलं आणि तक्रार तिनंच केली.

"काका, मी त्याला मामा म्हणायचे," ती म्हणाली. "त्याच्या हातची भाकर खाल्ली आहे मी."

"मादीला शेवटचं कधी पाहिलंस?"

"नर आणि मादी दिसायला सारखेच. मी येते तेव्हा एक फांदीवर असतो, दुसरी ढोलीत. पण आवाज दोन्ही येतात. नर हाक मारतो, थोडं थांबून मादी उत्तर देते. दोन वर्षांचे आवाज आहेत माझ्याकडे."

"म्हणजे दोन पक्षी एकदम कधी पाहिले नाहीस."

ती चिडली. "ढोलीत डोकावायचं नाही हा नियम आहे. घरटं सोडून जातात."

नियम चांगला होता, पण आता घरटं सोडायला कोणी उरलं नव्हतं. मी तिला मोबाईल बांबूला बांधायला लावला. झाड सादड्याचं, म्हातारं, ढोली दीड पुरुष उंचीवर. बुंध्यावर शिडी टेकवल्याच्या दोन खुणा होत्या. साल सोलली गेली होती, पण सोललेली जागा काळी पडली होती. तीन आठवड्यांत ती इतकी काळी पडत नाही.

मोबाईल खाली आला. आतल्या चित्रात पीस नव्हतं, विष्ठा नव्हती. ढोलीच्या आतल्या अंगाला कुंभारमाशीची मातीची घरं होती, पाच-सहा, एकावर एक, सगळी भोकं पडून रिकामी झालेली.

"रिकामी आहे," शिखा म्हणाली आणि तिचे डोळे भरले. मी ते चित्र परत परत पाहत राहिलो.

तिथून सुकरामच्या झोपडीत गेलो. दाराला कडी होती, कुलूप नव्हतं. आत एक खाट, एक ताट, एक तांब्या. धनुबाईच्या बांगड्या खुंटीला टांगलेल्या. धनुबाई, त्याची बायको, दोन वर्षांपूर्वी आषाढात गेली. मला फोनवर कळलं होतं. मी फोनवरच वाईट वाटल्याचं सांगितलं आणि भेटायला गेलो नाही. माझी वत्सला गेली तेव्हा हा माणूस घाट उतरून आला होता आणि तीन दिवस माझ्या ओट्यावर बसून होता.

फळीवर राखणीची वही होती, रोज एक ओळ. ही वही माझीच कल्पना. तेव्हा ऑफिसातला कारकून सुकरामच्या मराठीची टिंगल करायचा, म्हणून मी हट्टाला पेटून त्याला व्याकरण शिकवलं. बदल्यात त्यानं मला रानातले आवाज शिकवायचे ठरलं. तो तित्तिराची हाक मारायचा तेव्हा तित्तिर खरंच चालत यायचा. मला एकही जमला नाही. तो मात्र माझ्यापेक्षा शुद्ध लिहू लागला. नपुंसकलिंगाची त्याला मोठी गंमत वाटायची. "बाप्या आन् बाई असली तर 'दोघं गेली'. दोन बाप्ये असले तर 'दोघे गेले'," तो बोटांवर मोजत घोकायचा. "मी आन् धनु, दोघं. मी आन् साहेब, दोघे." मी त्याला एकच नियम घालून दिला होता. झालं असेल तेच लिहायचं, नाही ते लिहायचं नाही.

दोन वर्षांपूर्वीच्या ऑगस्टपर्यंत जवळजवळ रोज एकच ओळ होती, 'दोघं दिसली.' मग महिनाभर, 'एक दिसला.' मग, 'एक बोलला.' आणि त्या दोन ऑक्टोबरपासून यंदाच्या नऊ जानेवारीपर्यंत, आठवड्यातला एखादा दिवस सोडला तर रोज, 'दोघे बोलले.'

दहा जानेवारीचं पान कोरं होतं. वही मी पिशवीत टाकली.

३

नवनीत मोहफुलं आणि चारोळी विकत घेतो आणि जीप चालवतो. दिवाळीच्या आधी मांत्रिकांना घुबडं पुरवतो अशी त्याच्याबद्दल बोलवा आहे. ती खरी की खोटी हे मला अकरा वर्षांत कळलं नाही. तो जीपखाली आडवा होता. मी पायांशीच बोलायला सुरुवात केली.

"नवनीत, सुकरामच्या टोपलीत काय होतं?"

"कोंबडी व्हती," पाय म्हणाले. "रेंजरले बी तेच सांगं. कोनी मानत नही."

"दवाखान्यात जाताना माणूस कोंबडी कशाला घेईल?"

आता तो बाहेर आला. "अप्पा, त्याले मी बी इचारं. तो बोलेच ना. नरडं धरी बठना व्हता. आख्खा घाट ती कोंबडी माले चोच मारत ऱ्हायनी." त्यानं मनगट पुढे केलं, मला खरं वाटावं म्हणून. "आन् जानेवारीम्हा घुबड कोन इकत लेस? त्याना धंदा दिवाळीले. तुमले तर ठाऊक शे."

ते मला ठाऊक होतं. रेंजर साहेबांना नसावं.

दुसरा संशयित मला शोधावा लागला नाही, तो स्वतःच आला. नाव तरुण कोठारी, खापरच्या जेठमल शेठचा नातू. कापडाच्या दुकानात त्याचं मन रमत नाही. खोऱ्याच्या खिंडीपलीकडच्या उतारावर पर्यटकांसाठी तंबू टाकायचा त्याचा बेत होता आणि परवानगी अडकली होती, कारण उतार खोऱ्याला लागून. जोडी गेली तर सगळ्यात आधी याचंच काम होणार होतं.

"काका, सगळा गाव मन्हाकडेच देखी ऱ्हायना," तो म्हणाला. "मी पक्षी लिधा नही."

"शिडी तू लावलीस."

 मी बुंध्याची काळी पडलेली साल सांगितली. मग त्यानं आजूबाजूला पाहिलं.

"दिवाळीनंतर. नोव्हेंबरम्हा. माले फक्त देखनं व्हतं, का ज्याना पायी मन्हं काम अडकनं, तो पक्षी शे तरी का नही."

"मग?"

"ढोलीम्हा मातीना घरं व्हतात. दुसरं काहीच नही. माले वाटनं, मी चुकीना झाडवर चढनू. कोनले सांगू? ढोलीले हात लावना म्हनीसन मालेच आत टाकतीन."

त्याच्या बोलण्यात तथ्य होतं. पण नोव्हेंबरात ढोली रिकामी होती, आणि शिखाच्या यंत्रात मादी नऊ जानेवारीपर्यंत रोज बोलत होती. दोन्ही गोष्टी एकदम खऱ्या असणं कठीण होतं.

दुपारी मी खाली आलो. म्हसावदच्या स्टँडवर जसोदाबाईची चहाची टपरी आहे, माझ्या घरापासून दोनशे पावलांवर. टपरीमागे एक काळी कोंबडी दाणे टिपत होती.

"सुकरामनी," मी विचारायच्या आधीच जसोदाबाई म्हणाली. "दहा तारीखले ठेई गया. घर कोनीच नही म्हने, मुंगूस खाई टाकी. बोलता येत नव्हतं, हातवर लिखीसन दखाडं."

"माझ्याकडे का नाही आला? घर समोरच आहे."

तिनं कप पुसला. "मी बी तेच म्हनं. तर लिखं, साहेब झोपेल व्हतीन, उठाडू नको."

सकाळचे नऊ वाजले असतील तेव्हा. मी झोपलेला नसतो त्या वेळी. मी ओट्यावर बसलेला असतो, आणि कोणी येत नाही.

४

दुसऱ्या दिवशी शिखा माझ्या घरी आली. तिच्या लॅपटॉपवर दोन वर्षांचा तक्ता होता. नर बोलला की हिरवी खूण, मादी बोलली की लाल. मी चष्मा लावून तारखा पाहू लागलो. चहा दोनदा गार झाला.

"ही लाल खूण दर सातव्या दिवशी का नाही?"

"हो, ते माझ्याही लक्षात आलं होतं. यंत्रात काहीतरी अडचण असेल असं वाटलं."

"त्या दिवशी हिरवी खूण आहे. यंत्र नराला ऐकतं आणि मादीला ऐकत नाही?"

ती स्क्रीनकडे वाकली.

"वार बघ."

तिनं वार पाहिला. तो आठवडी बाजाराचा होता. दोन वर्षांत एकही बाजार सुटला नव्हता. नर बिचारा त्या दिवशीही हाका मारत होता आणि मादी गप्प होती.

"पक्षी बाजार पाळतो का शिखा?"

"नाही," ती हळू म्हणाली.

"बाजारच्या दिवशी मीठ-मिरची आणायला सुकराम खोऱ्याबाहेर जातो. आता ही वही बघ. रेंज ऑफिसात जाणारी पक्की नक्कल मी काल पाहिली, त्यात कारकुनानं काय केलं आहे? 'दोघे बोलले' खोडून 'जोडी आढळली' लिहिलं आहे. पावऱ्याचं मराठी, असंच असायचं, म्हणून सुधारून घेतलं. पण सुकरामचं मराठी चुकत नाही. नर-मादी असतील तर तो 'दोघं बोलली' लिहील. 'दोघे बोलले' म्हणजे दोन बाप्ये."

शिखानं माझ्याकडे पाहिलं. तिला कळलं होतं, पण तिला ते माझ्या तोंडून हवं होतं.

"त्या ऑगस्टनंतर त्यानं 'दोघं दिसली' असं कधीच लिहिलेलं नाही. ढोलीत कुंभारमाशीनं घरं केली, ती जुनी झाली, इतके दिवस तिथं कोणी शिरलेलं नाही. मादी दोन वर्षांपूर्वीच्या पावसात मेली किंवा गेली. उरला एक नर. तो हाका मारायचा. आणि उत्तर द्यायचा सुकराम."

"दोन वर्षं?"

"बाजारचे दिवस सोडून. नऊ जानेवारीला त्याचा आवाज बसला आणि मादी नाहीशी झाली."

ती बराच वेळ लाल खुणांकडे पाहत राहिली. दोन वर्षांचं तिचं काम त्या खुणांत होतं, आणि त्या एका म्हाताऱ्याच्या घशातून निघालेल्या होत्या. मला तिची दया आली आणि थोडा रागही आला, कारण तिला निदान रडता येत होतं.

चोरी झालीच नव्हती. पण हे सिद्ध केलं तर सुकराम सुटणार होता आणि खोरं जाणार होतं.

५

दवाखान्यात सुकराम खिडकीकडे तोंड करून बसला होता. घशाला पट्टी. मला पाहून तो उठू लागला, मी बसवलं. चार वर्षांत तो निम्मा झाला होता. डॉक्टरांनी मला बाहेरच सांगितलं होतं. स्वरयंत्रावरची गाठ काढली, जीव वाचला, पण आता कुजबुजण्यापलीकडे आवाज येणार नाही.

मी त्याला वहीचं मागचं पान उघडून दिलं आणि पेन दिलं. त्याची झोपडीतलीच वही. त्यानं ती ओळखली आणि मला सगळं कळलंय हेही ओळखलं.

"का केलंस?" मी विचारलं.

तो सावकाश, शुद्ध लिहू लागला.

'धनु गेली. मग त्याची मादी गेली. तो रोज हाका मारत होता. मला ऐकवेना. एक दिवस उत्तर दिलं. तो गप्प झाला आणि फांदीवर बसून राहिला. बरं वाटलं.'

थोडं थांबून पुढे लिहिलं, 'त्यालाही आणि मलाही.'

"मग शिखाचं यंत्र आलं."

'आवाज दोन आले म्हणून खोरं राहिलं. मग थांबता येईना. खोटं लिहिलं नाही.'

"ते मी पाहिलं," मी म्हणालो. "पण तू रेंजर साहेबांना काहीच का सांगितलं नाहीस? ते तुला चोर ठरवून आत टाकतील."

त्यानं लगेच लिहिलं. बहुधा हे वाक्य त्याच्याकडे वीस दिवसांपासून तयार असावं. 'चोरी झाली म्हटलं तर जोडी होती असं राहील. नव्हतीच म्हटलं तर झाडं तोडतील. मला चोर लिहा, साहेब.'

मी बत्तीस वर्षं रानासाठी पगार घेतला.  मी नुसता त्याच्या शेजारी बसून राहिलो, त्यानं माझ्या ओट्यावर काढलेल्या तीन दिवसांची फेड व्हावी म्हणून. तेवढ्यानं ती होणार नव्हती, हे मलाही कळत होतं.

संध्याकाळी निघताना शिखाचा फोन आला.

"काका, एकोणीस तारखेचा शेवटचा तास मी नीट ऐकलाच नव्हता. मादीचा आवाज संपला म्हणून पुढचं सगळं भराभर पाहिलं होतं. तुम्ही ताबडतोब या."

६

तिनं माझ्या कानाला हेडफोन लावले. नर हाक मारत होता. दहा जानेवारीपासून तो अशाच हाका मारत होता, सकाळ-दुपार, उत्तराशिवाय, आणि ऐकताना मला माझ्या घराची आठवण होत होती. मग, खूप लांबून, वाऱ्याच्या मागून, एक उत्तर आलं. नर एकदम गप्प झाला. पुन्हा उत्तर आलं. मग नराची हाक आली, पण थोडी लांबून. पुढची आणखी लांबून. मग यंत्रात नुसता वारा राहिला.

"एकोणीसला सुकराम कुठे होता?" मी विचारलं.

"रेंजर साहेबांना विचारलं मी. सतराला ऑपरेशन झालं. एकोणीसला त्याच्या घशाला टाके होते." शिखानं तेवढाच भाग पुन्हा लावला. "हा आवाज मामाचा असूच शकत नाही."

ज्या गैरहजेरीनं सुकराम चोर ठरत होता, तिनंच हा आवाज खरा ठरत होता.

दुसऱ्या दिवशी आम्ही खिंड ओलांडली, मी, शिखा आणि रेंजर साहेब. तरुण आम्हाला वाटेत भेटला आणि न बोलावता मागे आला. खिंडीपलीकडे त्याच्या तंबूंच्या खुंट्या ठोकलेल्या होत्या. त्यांच्या वरच्या बाजूला एक जुना मोह होता, अर्धा वाळलेला. सव्वाअकरा वाजता एक रानपिंगळा चोचीत सरडा धरून त्याच्या ढोलीशी आला. ढोलीतून दुसऱ्यानं डोकं बाहेर काढलं आणि सरडा घेतला. दोन पक्षी, एकदम, भर उन्हात.

शिखानं फोटो काढले, मग मोबाईल खाली ठेवून नुसती पाहत बसली. तरुणनं एक खुंटी उपटली.

"दुसरी जागा देखसू," तो म्हणाला. कुणी त्याला तसं सांगितलं नव्हतं.

त्याच दिवशी शिखानं तक्रार मागे घेतली. समितीला द्यायचा अहवाल मी लिहिला आणि त्यात सगळं खरं लिहिलं. मादी दोन वर्षांपूर्वी नाहीशी झाली. खोऱ्यात एकटा नर राहिला. राखणदारानं आवाज दिला. आता जोडी पलीकडच्या उतारावर आहे, म्हणून खोरं आणि उतार दोन्ही एकत्र राखावेत, कारण पक्ष्याला खिंड ओलांडायला झाडांची सलग रांग लागते. समिती काय करेल ते मला माहीत नाही. हे लिहितोय तोवर तिची बैठक दोनदा पुढे गेली आहे.

सुकरामला घरी सोडलं त्या दिवशी मीच आणायला गेलो. फोटो दाखवला. तो हसला, फोटो जवळ धरला, लांब धरला. मग त्याचं हसू हळूहळू गेलं. त्यानं वही मागितली.

'ती पलीकडे कधीपासून होती?'

"कोण जाणे. शिखा म्हणते, एखाद-दोन वर्षं असेल."

त्यानं फोटो उलटा ठेवला. मग लिहिलं, 'मी उत्तर देत होतो म्हणून तो शोधायला गेला नाही.'

हे मला आदल्या दिवशीच, मोहाखाली बसलो असताना सुचलं होतं. ते त्याला सुचू नये अशी माझी इच्छा होती. पण ज्या माणसाला मी झालं तेच लिहायला शिकवलं, त्याला आता दुसरं काही सांगणं मला जमलं नसतं. मी मान डोलावली. त्यानं वही मिटली आणि डोळे पुसले.

जसोदाबाईकडून कोंबडी घेतली आणि नवनीतच्या जीपनं वर गेलो. कोंबडीनं घाटभर मला चोच मारली. झोपडीशी पोचलो तेव्हा दुपारचे तीन वाजले होते, नराच्या हाकांची वेळ. आम्ही सादड्याखाली जाऊन बसलो, तो त्याच्या नेहमीच्या दगडावर, मी शेजारी खाली. ऊन फांद्यांतून उतरत गेलं. कोणी हाक मारली नाही. एकदा सुकरामनं सवयीनं मान वर केली, ओठांशी हात नेला आणि तसाच खाली घेतला.

मला वाटलं आपण काहीतरी बोलावं. चार वर्षं मी का आलो नाही ते सांगावं. पण त्याला उत्तर देता येणार नव्हतं, आणि उत्तर नसताना बोलत राहणं काय असतं ते आम्हा दोघांनाही ठाऊक होतं.

ऊन खिंडीकडे सरकल्यावर त्यानं वही उघडली. दहा जानेवारीपासूनची पानं कोरी सोडून आजची तारीख घातली आणि एक ओळ लिहिली. मग पूर्वीसारखी वही माझ्यापुढे सरकवली, वनपालाच्या सहीसाठी.

'आज दोघे बसले. बोलले नाहीत.'

मी वाचलं, आणि खाली सही केली.